ब्रेकमधलं करडीचं तेल

मोटार कंपनीच्या वर्कशॉपात न्यायची ठरली की आदल्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरत नसे. बायकोला गंमत वाटायची. "बिमार कोण हाय, गाडी का तुमी?" असं विचारून ती ताटात आणखी एक भाकरी टाकायची. तिला हसायला काय जात होतं! तिला त्या फाटकातून आत जायचं नव्हतं.

हे निजामाच्या अमलातलं, जालन्यातलं सांगतोय. कापसाच्या जिनिंगच्या एका मालकाकडे मी मोटार चालवायला होतो. मालक शेतकरी घराण्यातले, माणूस रागीट पण मनाचा खोटा नव्हे. माझ्या हाताखालून त्यांच्या तीन गाड्या गेल्या, तिन्ही वेगळ्या कंपन्यांच्या, आणि तिन्ही कंपन्यांच्या दुकानांत मी वेगवेगळ्या प्रकारे घाबरलो.

पहिली गाडी अमेरिकन होती, उंच, काळी, कापडी टपाची. तिची एजन्सी जालन्यातच स्टेशनकडे होती, आणि त्याच दुकानात रॉकेलचे डबे आणि शिवणयंत्रंही मिळत. दुकानदाराला मोटारीतलं काही कळत नव्हतं आणि ते कबूल करायला तो लाजतही नसे. कंपनीनं चित्रांचं एक पुस्तक दिलेलं होतं. ते मांडीवर घेऊन तो बोट दाखवायचा, मी नट खोलायचो. सगळं परत बसवल्यावर हमखास एखादा नट उरायचा. "ऱ्हाऊ द्या, कंपनीनं ज्यादा दिला असंल," असं म्हणून तो चहा मागवायचा, आणि मी पुढचे आठ दिवस तो नट कुठला असेल या विचारात गाडी चालवायचो.

दुसरी विलायती. तिची एजन्सी थेट सिकंदराबादला. गाडी रेल्वेच्या उघड्या डब्यावर चढवायची, दोर बांधायचे आणि सोबत जायचं. तिथं पांढऱ्या कोटातला एक साहेब यायचा, गाडी आत जायची आणि दार बंद व्हायचं. ड्रायव्हरांनी लिंबाखालच्या बाकावर बसायचं. सुटा भाग हवा असला तर तो बोटीनं येणार, तोवर बसा. गाडी बाहेर आल्यावर काय बिघडलं होतं असं विचारलं तर "ठीक हो गया" एवढंच उत्तर मिळायचं. तिथं कुणी मला कधी रागावलं नाही. पण काय दुरुस्त केलंय हेच माहीत नसेल तर चालवणाऱ्याला धीर कसा यायचा?

तिसरी गाडी पुन्हा अमेरिकन, पण दुसऱ्या कंपनीची, बंद काचांची, गुबगुबीत गाद्यांची. तिची एजन्सी औरंगाबादेत होती. काम म्हणाल तर तिघांत सगळ्यात चोख. ठरलेल्या महिन्यांनी गाडी दाखवायची, ते सगळं तपासायचे आणि एका छापील वहीत इंग्रजीत लिहून द्यायचे. वर्कशॉपाचा मुख्य मिस्त्री हैदराबादकडचा होता, धिप्पाड, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्याच्या हाताला गुण होता आणि तोंडाला लगाम नव्हता. पहिल्याच खेपेला त्यानं माझी गाडी उचलून खालून पाहिली. जिथं वंगण घालायला नको तिथं मी ते भरभरून घातलं होतं. दहा ड्रायव्हरांसमोर तो म्हणाला, "ये गाडी है या हलवाई की कढ़ाई? अगली बार ऐसा काम दिखा, तो किताब में लिख दूँगा, ड्रायव्हर बदलो."

दहाही जण हसले. मीसुद्धा हसलो, कारण दुसरं काय करणार? पण ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. वही मालकाच्या कपाटात असायची. मालकांना इंग्रजी येत नव्हतं, तरी वाचून घ्यायला किती वेळ लागतो?

त्या गाडीचे ब्रेक तेलाचे होते. आधीच्या दोन्ही गाड्यांत पाय दाबला की लोखंडी सळई ओढली जायची. ती डोळ्यांना दिसायची, हाताला लागायची. या गाडीत माझा पाय आणि चाक यांच्या मध्ये होतं फक्त बारीक नळीतलं तेल. ते तेल रबराच्या छोट्या टोप्यांना ढकलायचं, त्या ब्रेकला ढकलायच्या, आणि गाडी थांबायची. मिस्त्रीनं सगळ्यांना बजावून सांगितलं होतं की यात कंपनीच्या डब्यातलंच तेल पडलं पाहिजे. मी मान डोलावली होती. रागावणाऱ्या माणसासमोर मी नेहमीच मान डोलावतो, आणि त्यानं काय सांगितलं ते निम्मं ऐकतो.

एका हिवाळ्यात ब्रेकचं पेडल जरा खोल जाऊ लागलं. झाकण उघडून पाहिलं तर तेल उतरलेलं. कुठूनतरी थेंब थेंब गळत असावं. त्याच सुमाराला मालकांनी मला बोलावलं. त्यांच्या सुनेला सातवा महिना लागत होता. आधीचं एक पोटात राहिलं नव्हतं, म्हणून सगळं घर तिला तळहातावर जपत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर टेंभुर्णीला. बैलगाडीचे धक्के नकोत असं सुईणीनं बजावलेलं, तेव्हा मोटारीनंच न्यायचं ठरलं.

"पंधरा-वीस दिवसांनी सूनबाईला पोचवायचंय," मालक म्हणाले. "त्याच्या आधी गाडी कंपनीत दाखवून आण. समदं बराबर बघायला सांग. माझा जीव तिच्यात अडकलाय."

मी औरंगाबादला गेलो. खरंच गेलो, फाटकापर्यंत. आत मिस्त्री एका ड्रायव्हरला झापत होता. तो ड्रायव्हर माझ्या वडिलांच्या वयाचा, टोपी हातात धरून खाली बघत उभा. मिस्त्रीच्या हातात छापील वही होती आणि तो तीत काहीतरी लिहीत होता. मी फाटकावरून गाडी तशीच पुढे नेली. एक चक्कर मारली, पुन्हा फाटकाशी आलो, आणि पुन्हा पुढे गेलो. मग एका हॉटेलात चहा घेतला आणि जालन्याचा रस्ता धरला. घरी येऊन मालकांना सांगितलं, "दाखवून आणली. समदं बराबर हाय."

ते शब्द तोंडातून किती सहज निघाले याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

तेल मात्र भरायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी जुन्या जालन्यात गेलो, धान्याच्या आडतींमागच्या गल्लीत एका ओळखीच्या तेल्याच्या दुकानी. कशाला हवंय ते त्याला सांगितलं, आत रबर आहे, ते नरम राहिलं पाहिजे. तो म्हणाला, "एरंडीचं थंडीत घट होतं. मोटंला काय लावता तुमी? करडीच ना?"

मला ते लगेच पटलं. घनसावंगीकडच्या आमच्या मळ्यात विहिरीवर कातड्याची मोट चालायची. वडील तिला करडीचं तेल चोळून चोळून जिरवायचे. रोज पाण्यात बुडणारं आणि उन्हात तापणारं कातडं त्या तेलानं वर्षानुवर्षं टिकायचं. जे कातड्याला मानवतं ते रबराला का मानवू नये, असा मी हिशेब केला. शेरभर करडीचं तेल घेतलं, फडक्यातून दोनदा गाळलं आणि ब्रेकमध्ये ओतलं. उरलेलं बायकोला फोडणीला दिलं. गाळून घेतलं म्हणून मी स्वतःला फार दक्ष समजत होतो.

आणि ब्रेक लागले! असे लागले की मालकांना कापसाच्या सौद्यासाठी घनसावंगीला नेऊन आणलं तरी काही जाणवलं नाही. परतताना मी गाणं गुणगुणत होतो. मिस्त्रीचं नाक कापल्याचा आनंद मला दहा-बारा दिवस पुरला.

मग पेडल बिघडू लागलं. पाय दाबला की पिठाच्या गोळ्यात रुतल्यासारखं वाटायचं, आणि सोडल्यावर पेडल सावकाश, आळसावून वर यायचं. मग एका दुपारी मोंढ्याच्या बाजारात हमालांची हातगाडी आडवी आली. मी पाय दाबला, तो थेट तळाला टेकला आणि गाडी तशीच चालत राहिली. हातब्रेक ओढला तेव्हा हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबलो. हमालानं शिवी दिली आणि तो निघून गेला. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

सुनेला पोचवायला तीन दिवस उरले होते.

त्या तीन दिवसांत मी दोनदा मालकांसमोर जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदा ते कुणाशी बोलत होते. दुसऱ्यांदा एकटेच होते. "काय रे?" त्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर औरंगाबादची थापही सांगावी लागणार होती. एकातून दुसरं निघणार, नोकरी जाणार, आणि मळा तर थोरल्या भावाकडे. मी म्हणालो, "काई न्हाई, चाकात हवा भरून घेतो म्हणलं." ते म्हणाले, "बरं." बाहेर येऊन मी गाडीखाली शिरलो आणि उगाचच नळ्या पुसत पडून राहिलो. पेडल दोन-तीनदा भराभर दाबलं की ब्रेक पकडतो, हे मला तेव्हा कळलं होतं. त्या तीनदा दाबण्यावर मी एका बाईचा आणि तिच्या पोटातल्या जिवाचा भरवसा ठेवला.

निघायच्या सकाळी तिची ओटी भरली. न्यायला तिचा धाकटा भाऊ आला होता. सासूबाई गाडीपाशी येऊन मला म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर धाडून ऱ्हायले मी. हळू न्या." मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मी काच पुसत राहिलो.

राजूरपर्यंतचा रस्ता मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. समोर कोंबडी दिसली तरी मी दूरवरूनच पेडल दाबू लागायचो, एक, दोन, तीन. भाऊ शेजारी बसला होता. त्याला गंमत वाटत होती. "डायवर, अशी चालवली तर बैलं म्होरं जातील की." मागून ती म्हणाली, "चालू दे त्यांना हळूच. मला बरं वाटतंय." ती मला दादा म्हणायची. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दादा, तुमाला बरं न्हाई का? थंडीत घाम फुटलाय." मी म्हणालो, "इंजिनची गर्मी हाय, वैनी."

राजूर मागे पडलं. टेंभुर्णी दीड-दोन कोसांवर राहिली असेल तेव्हा ओढ्याचा उतार लागला. उतार फार मोठा नव्हता, पण लांब होता, आणि खाली ओढ्यातून कडब्याच्या दोन बैलगाड्या सावकाश चढत होत्या. गाडीवान बैलांशी बोलत पायी चालले होते. रस्ता एका गाडीपुरताच.

मी एक, दोन, तीन दाबलं. चौथ्यांदा दाबलं. पेडल खाली गेलं आणि वर आलंच नाही. तळाला चिकटून बसलं. मी पायाच्या अंगठ्यानं ते वर ओढायचा प्रयत्न केला हे मला स्पष्ट आठवतं, आणि तसा प्रयत्न करणाऱ्या माणसाच्या मनात त्या वेळी काय चाललेलं असतं ते मी सांगू शकत नाही. हातब्रेक ओढला. जळका वास आला, गाडी जराशी मंदावली, पण उतार तिला ढकलतच होता. गिअर खाली टाकायला गेलो तर तो करकरला आणि बसेना. कडब्याची गाडी मोठी मोठी होत होती. बैलांची शिंगं रंगवलेली होती, एकाचा रंग अर्धा उडालेला. मागून तिचा आवाज आला. ओरडली नाही ती, फक्त "आई" म्हणाली.

डाव्या हाताला वेचणी झालेल्या कापसाचं रान होतं. मी चाक तिकडे फिरवलं. बांधावरून गाडी उडाली, आपटली, पऱ्हाट्या खालून कडाकडा मोडत गेल्या, आणि काळ्या मातीनं चाकं धरून ठेवली. सगळं शांत झालं. इंजिन बंद पडलं होतं.

भाऊ सगळ्यात आधी बाहेर पडला. त्यानं बहिणीला धरून उतरवलं आणि बांधावर बसवलं. तिनं दोन्ही हात पोटावर धरले होते आणि ती हलत नव्हती. चेहरा पांढराफटक. भाऊ गाडीवानांना हाका मारत उताराकडे धावला. मी तिच्यापासून चार हातांवर उभा. "वैनी, दुखतंय का?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होतो. मग बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हललंय. आत्ता हललं." आणि रडायला लागली.

माझाही बांध फुटला. मी मातीत बसलो आणि सगळं बोलून टाकलं, फाटक, मिस्त्री, तेली, करडी, मोंढ्यातली हातगाडी, सगळं. कशाच्या आधी काय आलं तेही धड सांगता येत नव्हतं. तिनं ऐकून घेतलं.

"मामंजींना ठाव हाय?"

"न्हाई."

"आज निघतानी तुमाला ठाव होतं?"

मी मान खाली घातली. भाऊ गाडीवानांना घेऊन परत आला आणि त्यानं विचारलं, "झालं तरी काय?" मी तोंड उघडण्याआधी ती म्हणाली, "बैलं आडवी आली. त्यांनी रानात घातली म्हणून वाचलो."

कडब्याची एक गाडी माघारी वळवली आणि तिच्यावर मऊ बैठक करून तिला टेंभुर्णीला नेलं. गाडीवान बैलांच्या तोंडाशी धरून चालत होता. ती गाडी ओढा ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत मी रानात उभा होतो. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मोटार दुसऱ्या गाडीच्या बैलांनी ओढून काढली. पहिल्या गिअरवर, माणूस चालेल त्या वेगानं मी जालन्याला आलो. बातमी माझ्या आधीच पोचली होती, आणि मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली! गाडी रानात घालायचं सुचलं म्हणून. ती थाप मला मारापेक्षा जास्त लागली. मी म्हणालो, नळीला मार लागलाय, कंपनीत न्यावी लागेल. या खेपेला मी फाटकातून आत गेलो. भ्यायला आता काही उरलंच नव्हतं, किंवा फार मोठी भीती उरली होती म्हणून मिस्त्रीची वाटेनाशी झाली.

मिस्त्रीनं चाक खोललं. रबराची टोपी बाहेर काढली, ती फुगून भिजल्या वाटाण्यासारखी झालेली, आणि तिच्याभोवती तेल डिंकासारखं चिकटलेलं. त्यानं बोट लावून हुंगलं. "करडी?" मी हो म्हणालो. मोटेचंही सांगितलं. मी दहा माणसांच्या हसण्याची वाट बघत होतो. तो हसला नाही, ओरडलाही नाही. टोपी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "कोई बैठा था गाडी में?" मी सांगितलं. त्यानं बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाला, "मेरे पास क्यों नहीं आया तू?"

"आपसे डर लगा," मी म्हणालो.

त्यानं वहीत काय लिहिलं ते मी नंतर स्टेशनमास्तरकडून वाचून घेतलं. रबरं बदलली, तेल बदललं, एवढंच होतं. काम संपायला अर्धा दिवसही लागला नाही.

पुढचे दोन महिने मी टेंभुर्णीकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाला भीत होतो. कुणी वाड्यात शिरलं की माझा हात जागच्या जागी थांबायचा. अखेर तिचा भाऊच आला, पेढे घेऊन. मुलगी झाली होती, आणि दोघी सुखरूप होत्या. मी एक पेढा घेतला आणि तसाच घरी नेऊन बायकोला दिला.

बाळाला तिसरा महिना लागला तेव्हा मालकांनी मला दोघींना आणायला पाठवलं. ब्रेक आता कंपनीच्या तेलाचे होते. मी सकाळी दहादा दाबून पाहिले होते. टेंभुर्णीला त्यांच्या दारापुढे गाडी उभी केली आणि मागचं दार उघडून धरलं. ती बाळाला घेऊन बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि वडिलांना म्हणाली, "बापू, छकडा जुंपा. मी मोटारीत न्हाई बसायची."

सगळे हसायला लागले. वडील म्हणाले, एवढी शिकलेली पोर आणि मोटारीला भिते? भाऊ म्हणाला, बैलं आडवी आली तवापासून हिनं हाय खाल्ली. शेजारच्या बायका दारात येऊन हसल्या. ती म्हणाली, "हो, भिते मी," आणि बाळाचं डोकं पदराखाली घेतलं.

ती छकड्यातून जालन्याला आली. मी रिकामी मोटार घेऊन त्या छकड्याच्या मागे, बैलांच्या चालीनं आलो. सासरीही तिची तशीच थट्टा झाली आणि ती वर्षानुवर्षं चालली. तिनं माझं नाव कधी काढलं नाही, आणि माझ्या गाडीत ती पुन्हा कधी बसली नाही. प्रत्येक वेळी अख्खं घर तिला भित्री म्हणून हसायचं, आणि मी तिथंच उभा असायचो आणि कुणाला काही सांगायचो नाही.